सत्कार कुणाचा आणि कशासाठी?

मैत्रिणींनो, 8 मार्च असो की संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा, सत्काराचा कार्यक्रम ठरलेलाच. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, ट्रॉफी दिली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, "अगं, तुझा सत्कार कशासाठी झाला?" तर तिलाच धड सांगता येत नाही. आणि जिने वर्षभर वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. पुढच्या वर्षी ती काम सोडते, मग आपण म्हणतो, "कामाला बायकाच मिळत नाहीत!"

आपल्या सीआरपी, लेखापाल, बँक सखी, पशुसखी, पापड-मसाला युनिटवर काम करणाऱ्या ताया, यांचा सन्मान करायचा तर पुढच्या गोष्टी बैठकीत बोलून घ्या.

आधी मानधन, मग सन्मान. कुणाचं मानधन थकलं असेल तर ते अगोदर चुकतं करा. तीन महिन्यांचे पैसे अडकलेल्या बाईला ट्रॉफी दिली, तर ती चेष्टा वाटते. सन्मान हा मेहनतान्याच्या बदल्यात नसतो.

निकष वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. 2016 साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली. कोणत्या कामाला किती गुण, हे गावांना आधीच माहीत होतं. म्हणून लोक नेमक्या कामाला लागले. आपणही एप्रिलमध्येच सांगावं: बंद पडलेला गट पुन्हा सुरू करणं, वह्या वेळेत पूर्ण ठेवणं, गटाबाहेर राहिलेल्या गरीब बाईला सामील करून घेणं, या कामांची दखल घेतली जाईल.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. समजा, एका सीआरपीकडची परतफेड 100 टक्के आहे आणि दुसरीकडे 90 टक्के. पहिली पुढे वाटते. पण पहिलीने अडलेल्या-नडलेल्या बाईला कर्जच मिळू दिलं नसेल तर? आणि दुसरीकडे शेतमजूर, एकल महिलांचे गट असतील तर? फक्त वसुलीला बक्षीस ठेवलं की वसुलीसाठी तगादा वाढतो आणि गरीब बाई गटातून बाहेर पडते. आकडा बघा, पण त्यामागची वस्तीही बघा.

निवड दोघीतिघींनी परस्पर करू नका. प्रत्येक गटाकडून नाव आणि त्या ताईने केलेलं एक काम लिहून मागवा. "स्वभाव चांगला आहे" एवढं चालणार नाही. वह्या, भेटींच्या नोंदी तपासा. अध्यक्ष किंवा सचिवांची सून, जाऊ, बहीण यादीत असेल, तर त्यांनी निवडीच्या वेळी बाजूला बसावं. नाव ठरलं की कारणासकट ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा. सगळ्यांना कारण कळलं की रुसवेफुगवे कमी होतात.

वस्तू तिच्या उपयोगाची हवी. तीच ट्रॉफी सगळ्यांना कशाला? पावसात फिरणाऱ्या सीआरपीला चांगली छत्री किंवा रेनकोट, पशुसखीला औषधं ठेवायची मजबूत बॅग, लेखापालाला कॅल्क्युलेटर. सगळ्यात सोपं म्हणजे तिलाच विचारा, "ताई, तुला काय कामाला येईल?" एखादी म्हणेल, मला पुढचं प्रशिक्षण द्या. तोही सन्मानच. युनिटवरच्या कामात सगळ्यांचे हात लागले असतील, तर एकीला वेगळं न काढता पूर्ण टीमचा सत्कार करा.

प्रमाणपत्रावर काम लिहा. "उत्कृष्ट कार्याबद्दल" या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. असं लिहा: "यांनी बंद पडलेल्या चार गटांच्या बैठका पुन्हा सुरू केल्या आणि त्यांच्या सहा महिन्यांच्या वह्या पूर्ण करून घेतल्या." नाव तिला विचारूनच छापा, स्पेलिंग चुकवू नका. सभेत हे प्रमाणपत्र मोठ्याने वाचा, आणि जमलं तर ज्या गटासाठी तिने काम केलं, त्या गटातल्या बाईच्याच हातून द्या. घरातली माणसं समोर बसलेली असतील तर आणखी चांगलं. सून दिवसभर कुठे फिरते, ते सासूलाही ऐकू येतं.

खर्चाचं भान ठेवा. समुदाय गुंतवणूक निधी हा बायकांना कर्ज देण्यासाठी आहे, त्यातून सत्कार नको. संघाच्या स्वतःच्या उत्पन्नातून मर्यादा ठरवा, ठराव घ्या, पावती जपा.

पुढच्या मासिक बैठकीत एवढंच करा: आपल्याकडे काम करणाऱ्या सगळ्या तायांची यादी काढा आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिने यंदा केलेलं एक काम लिहा. ज्या नावापुढे काहीच सुचत नाही, तिथे थांबा. तिने काम केलं नाही, की आपण तिच्याकडे पाहिलंच नाही, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.