टाइपांची ओळख : मिश्र यादीचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने हादरला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली. काही गावे जुन्या जागीच पुन्हा बांधली. कमी नुकसान झालेल्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. नव्या गावठाणातली घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. भूमिहीनाच्या वाट्याला सगळ्यात लहान घर यावे, हे मला आजही पटत नाही.

समजा, या कामाचा खर्च मांडणारा प्रोग्रॅम आपण रस्ट भाषेत लिहितो आहोत. स्थलांतर, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती हे तीन टाइप. स्थलांतरात प्लॉट आणि क्षेत्रफळ ठेवायचे, दुरुस्तीत भिंतींचे नुकसान आणि अनुदानाचे हप्ते. आतली माहिती वेगळी, पण तिघांनाही एक प्रश्न विचारता येतो : खर्च किती? ही सामाईक अट म्हणजे आपला ट्रेट. त्याला ‘खर्चिक’ म्हणू.

आता बेरजेचे फंक्शन. जेनेरिक लिहिले, की ‘खर्चिक’ असलेल्या कोणत्याही टाइपची यादी त्याला चालते. कंपायलर प्रत्येक टाइपसाठी फंक्शनची वेगळी प्रत काढतो, त्यामुळे कोणता ‘खर्च’ बोलवायचा हे प्रोग्रॅम चालण्याआधीच ठरलेले असते. वेग उत्तम. पण एका यादीत एकच टाइप! तालुक्याच्या यादीत तर तिन्ही प्रकारची घरे एकाखाली एक येणार.

तिथे डायनॅमिक डिस्पॅच लागतो. प्रत्येक नोंद बॉक्समध्ये घालायची आणि यादीचा टाइप ‘डिन खर्चिक’ असलेले बॉक्स असा सांगायचा. ६४ बिटांच्या मशीनवर असा बॉक्स १६ बाइटचा असतो. ८ बाइटमध्ये माहितीचा पत्ता, उरलेल्या ८ मध्ये त्या टाइपच्या मेथड-तक्त्याचा. ‘खर्च’ मागितला, की चालत्या प्रोग्रॅममध्ये तक्ता पाहून योग्य मेथड बोलावली जाते.

मग बेरजेचे फंक्शन दोनदा लिहायचे? अनेक जण लिहितात. मला ते मुळीच मान्य नाही. ‘खर्चिक’ हा ट्रेट खुद्द बॉक्सलाच लागू करा : आतला टाइप ‘खर्चिक’ असेल, तर बॉक्सही ‘खर्चिक’. मात्र जेनेरिक टाइपचा आकार कंपाइल करतानाच माहीत असणार, असे रस्ट गृहीत धरते आणि ‘डिन’चा आकार तर तेव्हा ठाऊक नसतो. म्हणून तिथे प्रश्नचिन्हासह ‘साइझ्ड’ लिहून ती अट सैल करायची. एवढे केले, की जुने जेनेरिक फंक्शन एक अक्षरही न बदलता मिश्र यादीची बेरीज करते. त्याच्या दृष्टीने यादीत एकच टाइप आहे, बॉक्स.

एक जागा जपा. बॉक्सच्या ‘खर्च’ मेथडमध्ये सेल्फच्या आधी दोन तारे लावून आतल्या वस्तूपर्यंत पोचावे लागते. तारे विसरलात, तर बॉक्स स्वतःलाच बोलवत राहतो आणि स्टॅक संपतो. कंपायलर याची सूचना देतो. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जेनेरिक आणि ‘डिन’ यांच्या या जोडीला एक खरी मर्यादा आहे. ट्रेटमधली मेथडच जेनेरिक असेल, तर तिच्या प्रती किती निघतील याला अंत नाही आणि तक्त्यात तर रकाने मोजकेच. म्हणून असा ट्रेट ‘डिन’ करू दिला जात नाही. उपाय रस्टच्या प्रमाण लायब्ररीतच दिसतो. इटरेटरची ‘मॅप’ मेथड जेनेरिक आहे. तिला ‘सेल्फ साइझ्ड असेल तरच’ अशी अट घालून तक्त्याबाहेर ठेवली आहे. ‘नेक्स्ट’ तक्त्यात राहते. बॉक्सलाही इटरेटर लागू केलेला असल्यामुळे, बॉक्समधल्या डिन इटरेटरवरसुद्धा ‘मॅप’ चालते.

पुढच्या लेखाआधी हे तीन टाइप स्वतः लिहून पाहा. २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये टाइपांची आणि मेथडची नावे देवनागरीत देता येतात. ती मराठीतच द्या.