अर्थिंग केलेली तारही रिकामी नसते

वळवाच्या दिवसांत माढा तालुक्यात तारा तुटल्या, खांब वाकले की लाइनमनची धावपळ सुरू होते. पुरवठा बंद केला, तरी तो तारेला लगेच हात लावत नाही. आधी अर्थिंग रॉडची वायर जमिनीत रोवलेल्या खुंटीला जोडतो, मगच रॉड तारेला अडकवतो. काढताना क्रम उलटा: आधी तारेवरचा रॉड, शेवटी जमिनीची जोडणी. या क्रमात त्याचा जीव असतो. एखाद्या वस्तीवरचा जनरेटर बंद लाइनमध्ये उलटा पुरवठा सोडू शकतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आकाशात आहे.

अर्थिंग केलं की तारेतली वीज जमिनीत जाते आणि तार रिकामी होते, असं आपण धरून चालतो. जवळपास विद्युतभारित काही नसेल, तर ते खरंही असतं. पण गडगडाटी ढगाच्या तळाशी बहुधा ऋण प्रभार साठलेला असतो. तो तारेतल्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो. अर्थिंगमधून ते जमिनीत उतरतात आणि तारेवर धन प्रभार उरतो. ढग डोक्यावर आहे तोवर, वाट मोकळी असूनही, तो हलत नाही. त्या प्रभाराने झटका मात्र बसत नाही, कारण तार आणि जमीन यांचा विभव, म्हणजे विजेचा दाब, सारखाच असतो. झटका बसतो तो दाबातल्या फरकाने. अर्थिंग दाब शून्यावर धरून ठेवतं. प्रभार शून्य होईलच असं नाही.

ढगातला प्रभार ओसरला की जमिनीतून इलेक्ट्रॉन परत येतात. पण त्याआधीच अर्थिंग सुटलं, तर धन प्रभार तारेवर अडकतो. ढग सरकताच तारेचा दाब चढतो आणि पहिला हात लावणारा माणूसच प्रभाराची जमिनीकडची वाट ठरतो. व्होल्टाने १७७५ साली प्रसिद्धीस आणलेलं इलेक्ट्रोफोरस हे उपकरण याच तत्त्वावर चालायचं.

याला ढगच लागतो असं नाही. कुर्डुवाडीहून जाणाऱ्या रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला समांतर गेलेल्या कुंपणाच्या तारेवरही प्रभार प्रवर्तित होतो. पुरवठा एसी असल्याने तो सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि अर्थिंगमधून त्याची सतत ये-जा चालते. म्हणूनच रुळांलगतची धातूची कुंपणं अर्थिंग करून ठेवावी लागतात.

पण शून्य दाबाची ही हमी जमिनीच्या ताकदीएवढीच असते. आकाशातून पडणाऱ्या विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात असू शकतो. अर्थिंगचा रोध १० ओहम धरला, तरी क्षणभर ३ लाख व्होल्टचा दाब तयार होतो आणि तो आजूबाजूच्या मातीत पसरतो. गाय-बैलांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे दाबातला फरकही जास्त; झाडाखाली बांधलेली जनावरं दगावतात ती पुष्कळदा याच फरकाने.

उन्हाळ्यात मुरमाड रान कोरडं पडलं की मोटारीच्या अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असलं, तरी त्यात अधूनमधून पाणी सोडायला हवं आणि वायरमनकडून रोध मोजून घ्यायला हवा. स्टार्टरपाशी लोंबणारी अर्थिंगची वायर निरुपयोगी समजून कुणी तोडू नये. आणि ढग गडगडू लागले की खांब, कुंपण, मोटार यांच्यापासून दूर व्हावं, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.