तीन हजार सहाशे

मुंब्र्यातल्या एका बिनव्याजी पतसंस्थेत कर्ज मागितलं तर पैसे हातात पडत नाहीत, मशीन पडतं, असं ऐकलं आणि मी बघायला गेले.

भारतात इस्लामी बँक नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम 8 बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनेही हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. उरतात या पतसंस्था. ठेवीवर व्याज नाही, म्हणून ठेवी थोड्या, म्हणून अर्जांचा ढीग.

घरातच शिलाईचा कारखाना चालवणाऱ्या आपा मूळच्या दापोलीकडच्या. त्यांना ओव्हरलॉक मशीन हवं होतं. अर्ज, जामीनदार, चौकशी हे सगळीकडच्यासारखंच. गंमत झाली दुकानात. संस्थेच्या कारकुनाने 30,000 रुपये भरले, बिल संस्थेच्या नावाने घेतलं, मशीनचं चाक फिरवून पाहिलं आणि बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसलं. मग म्हणाला, "आता हे आमचं. आपा, 33,600 ला तुम्हाला विकतो. बारा हप्ते. कबूल?"

"कबूल."

याला मुराबहा म्हणतात. संस्था मालक असेपर्यंत मशीनला काही झालं तर नुकसान तिचं. नफा हलाल ठरतो तो या जोखमीमुळे. इथे जोखीम होती जेमतेम दोन मिनिटांची. मला हसू आलं, पण कारकून ते चाक फार मनापासून फिरवत होता.

मी हिशेब मांडला. 3,600 म्हणजे बारा टक्के वाटतात. पण मुद्दल दरमहा फिटत जातं हे धरलं, तर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातात. आपांना सांगितलं. कापडावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "टक्के राहू द्या ताई. 3,600 चे 3,600च राहणार ना?"

राहणार. हप्ता थकला तरी किंमत वाढत नाही. ऐपत असून चुकवणाऱ्याला दंड लावलाच, तर तो दानात जातो. आधीच्या सावकाराचा आकडा ईदनंतरच्या मंदीत फुगत गेला होता, आणि बँकेने आपांकडे नसलेली कागदपत्रं मागितली होती. त्यांच्या जागी मीही 3,600 मोजले असते.

दुसऱ्या मशीनचा अर्जही आपांनी भरून ठेवलाय. लोकांचे हप्ते जमा होतील तसा नंबर लागेल, चार महिने तरी धरा, असं कारकून सांगतो. ईदचा माल त्याआधी द्यायचा आहे.