प्लग बदलायचेत, पण नेमके कुठले?

ऐकताना आकडे आणि कोड हातातून निसटतात, म्हणून या भागाचा हा लिखित मजकूर. दुकानात उभं राहून मोबाईलवर उघडता यावा, एवढाच हेतू.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. आपला एक श्रोता विचारतो, "दादा, सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतलीय, माझी पहिलीच. चढावर धक्के देते, मिसिंग मारते. मेकॅनिक म्हणाला प्लग गेलेत, इरिडियम टाक, पिकअप वाढेल. दुकानात गेलो तर चार प्रकारचे प्लग समोर ठेवले. कुठला घेऊ?"

मित्रा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. प्लग इंजिनाला ताकद देत नाही. तो फक्त योग्य वेळी ठिणगी पाडतो. जुने प्लग झिजले असतील, तर नवीन बरोबर प्लग टाकल्यावर गेलेला पिकअप परत येतो, मग तो साधा असो की महागडा. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः आयुष्यासाठी. साध्या निकेल टोकाच्या प्लगला बाजारात 'कॉपर प्लग' म्हणतात, कारण आत तांब्याचा गाभा असतो. तो साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतो. इरिडियम २,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतं, त्यामुळे टोक फार सावकाश झिजतं. असे प्लग बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास जातात. कंपनीनं इरिडियम दिला असेल तर साध्यावर उतरू नकोस. साधा दिला असेल तर वेळेवर बदललेला साधा प्लगही उत्तम चालतो.

मग 'बरोबर' म्हणजे काय? चार गोष्टी बघायच्या. एनजीकेचा 'बीकेआर६ई-११' हा कोड उदाहरणाला घेऊ.

पहिली, आटे आणि लांबी. इथे 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. लांबी जास्त झाली तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो. कमी पडली तर ठिणगी आत पोचत नाही आणि हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन बसतो.

दुसरी, 'आर', म्हणजे रेझिस्टर. हा नसेल तर रेडिओत खरखर येते, शिवाय इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही त्रास होऊ शकतो.

तिसरी, हीट रेंज. इथे ती '६' आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर असेल तर स्वतःवरची काजळी जाळून टाकतं. ८०० च्या पुढे गेलं, तर निखाऱ्यासारखं तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं, आणि त्यात पिस्टन जाऊ शकतो. हीट रेंज म्हणजे प्लग किती वेगानं उष्णता हेडकडे सोडतो, ते. आणि इथेच खरी गंमत आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की 'गरम'. शिवाय मोजपट्टीही वेगळी. एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० साधारण एकाच पातळीचे. त्यामुळे "नंबर जवळपास तोच आहे, फक्त ब्रँड वेगळा" असं कुणी म्हणालं तर थांब. कंपनीचा तुलनेचा तक्ता बघ, मगच घे.

चौथी, गॅप. '-११' म्हणजे १.१ मिलिमीटर. साध्या प्लगचा गॅप गेजनं तपासून हलक्या हातानं जुळवता येतो. इरिडियमचं टोक मात्र बारीक आणि ठिसूळ असतं, ते वाकवायच्या फंदात पडू नकोस.

गाडी सीएनजीवर चालते का? सीएनजीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो, पण सीएनजीवर टाकलं की मिसिंग सुरू. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर मॅन्युअलमध्ये त्याच मॉडेलचा प्लग आणि बदलायचं अंतर बघ. आणि डिझेलवाल्यांनो, तुमच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तुमचा तो ग्लो प्लग, त्याचं काम वेगळं.

सेकंडहँड गाडीत अजून एक घोळ असतो. आधीच्या मालकानं चुकीचा प्लग टाकलेला असू शकतो. म्हणून जुना प्लग दाखवून "असाच द्या" म्हणू नकोस. कोड मॅन्युअलमधूनच घे. मॅन्युअल हरवलं असेल तर गाडीचा चासी नंबर देऊन अधिकृत पार्ट्सच्या दुकानात विचार. पॅकबंद डबी आणि बिल घे, कारण नकली प्लगही बाजारात फिरतात. सगळे प्लग एकदम बदल. सिलिंडर तीन म्हणजे प्लग तीन, असा हिशोब बहुतेक गाड्यांत चालतो. पण जुन्या होंडा सिटी आय-डीएसआयमध्ये चार सिलिंडरना आठ प्लग होते, तेव्हा मोजून घे.

जुने प्लग फेकण्याआधी त्यांचे फोटो काढ. फिका तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग नको तितका थंड आहे. ओलं, तेलकट टोक म्हणजे ऑईल आत शिरतंय. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. शेवटच्या दोन्हींत नुसते प्लग बदलून भागणार नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी आटे हातानंच फिरव. अडकतंय असं वाटलं की काढून पुन्हा लाव, जोर करू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं असतं. त्याचे आटे गेले तर काही शेकड्यांचं काम काही हजारांवर जातं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच घट्ट कर.

आणि एवढं करूनही मिसिंग राहिलं तर? ज्या सिलिंडरचा कोड स्कॅनरवर येतोय, त्याची कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघ. मिसिंग कॉईलबरोबर सरकलं, तर दोष प्लगचा नव्हताच.

तेव्हा मित्रा, दुकानात "भारीतला द्या" म्हणण्याआधी कोड सांग. प्लग बदललेस की घाट चढून ये आणि गाडी कशी चालली त्याचा व्हॉइस मेसेज पाठव. भेटू पुढच्या भागात!