उंची, उमज आणि विवेक
शालेय वयातील मुलांच्या विकासाविषयी थोडेसे

जून महिन्यात निवासी शाळेच्या दारात एक दृश्य दरवर्षी दिसते. हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी घेतलेले वडील, आणि आईचा पदर मुठीत घट्ट धरून उभे असलेले सहा-सात वर्षांचे मूल. दहा वर्षांनी तेच मूल दहावी उत्तीर्ण होऊन त्याच दारातून बाहेर पडते, तेव्हा ते आईपेक्षा उंच झालेले असते. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी ते दार दोन्ही वेळा ओलांडले आहे. मधल्या वर्षांत मुलात काय घडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. शरीर, बुद्धी आणि शील यांची वाढ एकाच मुलात होत असली, तरी ती एकाच वेगाने होत नाही. उंची वाढली म्हणजे समज आली असे नव्हे, आणि समज आली म्हणजे विवेक आला असेही नव्हे. घरी हा फरक आईच्या नजरेला आपोआप कळतो. निवासी शाळेत तो शिक्षकांना, अधीक्षकांना आणि वरच्या वर्गातील दादा-ताईंना जाणीवपूर्वक ओळखावा लागतो. तो ओळखला नाही, तर मुलाला त्याच्या वयाच्याच गोष्टीबद्दल शिक्षा होते.

शरीराची वाढ

सहा ते दहा या वयात मूल साधारणतः वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते आणि त्याचे वजन २ ते ३ किलो वाढते. दुधाचे दात सहाव्या वर्षाच्या सुमारास पडू लागतात आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक कायमचे दात येतात. त्यानंतर वाढ एकदम वेग घेते. मुलींमध्ये हा वेग दहा-अकराव्या वर्षी येतो, मुलांमध्ये सुमारे दोन वर्षे उशिरा. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे ठेंगणे दिसतात. हे निसर्गाचे वेळापत्रक आहे. ठेंगण्या मुलाला चिडविणे आणि उंच मुलीवर मोठ्या माणसाची कामे लादणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या आहेत.

या वाढीला अन्न आणि झोप लागते. आपल्या खानदेशातील कळण्याची भाकरी या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी असतो, तो उडदात पुरेसा असतो. दोन्ही एकत्र आल्याने भाकरीचा कस वाढतो. बाजरीतून लोह मिळते. त्यासोबत लिंबू किंवा आवळा असेल तर ते लोह शरीरात अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होते. वाढीच्या वयात, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये, रक्तक्षय सहज होतो. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी टाळू नये, ती यासाठीच. झोपेचे गणितही असेच आहे. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि पुढे ८ ते १० तास झोप वाढत्या शरीराला हवी असते. पहाटेच्या अभ्यासाचे कौतुक करताना रात्री दिवे किती वाजता मालवले, हेही विचारले पाहिजे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. सातव्या-आठव्या वर्षीही काही मुले झोपेत अंथरूण ओले करतात. दहा-वीस मुलांत असे एखादे मूल असतेच आणि घर सुटल्यावर हे प्रमाण वाढू शकते. त्यात आळस नसतो आणि खोडीही नसते. ते अंथरूण सर्वांदेखत उन्हात टाकून मुलाला हिणविले, तर त्रास थांबत नाही. लाज मात्र आयुष्यभर राहते. निमूटपणे चादर बदलून देणारा माणूसही त्या मुलाला आयुष्यभर आठवतो.

बुद्धीची वाढ

भाकरीच्या पिठाचे दोन सारखे गोळे पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवावेत आणि त्यातला एक थापून पसरट करावा. आता पीठ कशात जास्त, असे विचारले तर ते बहुधा थापलेल्या गोळ्याकडे बोट दाखविते. आठ वर्षांचे मूल मात्र हसून म्हणते, "सारखेच आहे, तुम्ही फक्त थापले." स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशाच साध्या प्रयोगांतून दाखविले, की सात ते अकरा या वयात मूल तर्क करू लागते; परंतु तो तर्क डोळ्यांसमोरच्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने चालतो. अमूर्त कल्पनांचा विचार साधारण अकरा-बारा वर्षांनंतर फुलतो. म्हणून तिसरीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवायचा तर भाकरीचे चार तुकडे आणि चिंचोके हेच उत्तम साहित्य. जे सूत्र सातवीत सहज कळते, ते चौथीत कळले नाही म्हणून मूल "मठ्ठ" ठरत नाही.

आपल्या भागात भाषेचाही प्रश्न आहे. घरी "माले", "मना" म्हणणारे अहिराणी बोलणारे मूल शाळेत "मला", "माझा" ऐकते, तेव्हा काही काळ गप्प राहते. ते त्या वेळी दोन भाषांची सांगड घालीत असते. अहिराणीत उत्तर देण्याची मुभा मिळाली, तर त्याच मुलाची बुद्धी लख्ख दिसून येते.

किशोरवयात आणखी एक विसंगती दिसते. विचारशक्ती वाढलेली असते, पण आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय उजाडते. नववीतला मुलगा उत्तम वादविवाद करतो आणि त्याच संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून मारामारी करतो, याचे एक कारण हे आहे.

शीलाची वाढ

पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांना विचारलेला एक प्रश्न आहे. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा कप फुटले. दुसऱ्याच्या हातून चोरून खाऊ घेताना एकच फुटला. जास्त चूक कोणाची? लहान मुले म्हणतात, पंधरा कप फोडणाऱ्याची. नऊ-दहा वर्षांची मुले हेतू पाहू लागतात. पियाजे यांचे म्हणणे असे, की ही समज मोठ्यांच्या धाकातून येत नाही. बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना आणि नियम ठरविताना ती येते. याबाबतीत वसतिगृह ही फार मोठी संधी आहे. वाढपाची पाळी, नळावरची रांग, सामायिक बादली हे सर्व शीलाचेच पाठ होत, मात्र ते नियम ठरविण्यात मुलांचाही वाटा असला पाहिजे.

आपल्या शेजारच्या अमळनेरात याचे उदाहरण घडले आहे. साने गुरुजी १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, की ते न बोलता स्वतः झाडीत, सामान नीट लावून ठेवीत. मुले ओशाळत आणि आपण होऊन कामाला लागत. १९३० साली ते सत्याग्रहासाठी शाळा सोडून गेले, पण त्यांच्या छात्रालयाची आठवण खानदेशात आजही निघते.

त्याहून पुरातन उदाहरण धम्मग्रंथांत आहे. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलाला असत्याविषयी उपदेश करतात. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भगवंत प्रथम भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवितात, मग ते सांडतात, मग भांडे पालथे घालतात. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर वस्तू आहे. त्यानंतर ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, पाहण्यासाठी. तसेच काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने स्वतःला किंवा इतरांना पीडा होते का, हे तपासावे. चूक झाली तर ती जाणत्यांपुढे उघड करावी. सम्राट अशोकानेही भाब्रू येथील शिलालेखात हा उपदेश वारंवार ऐकावा असे सुचविले आहे.

या उपदेशात शिक्षेची भीती घातलेली नाही. सात वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा वस्तूंनी शिकविले आहे, आणि पारखण्याचे काम त्याच्याच हाती सोपविले आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. जे कायद्याने आज सांगितले, त्याची वाट त्या सुत्तात पूर्वीच दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाबरोबर शीलाचा आग्रह धरला, त्याचे मर्मही यातच आहे.

पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला गुण विचारण्याआधी झोप, जेवण आणि मित्र यांविषयी विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगी अवश्य द्यावी; परंतु वर्षातून एखादा दिवस वसतिगृहात येऊन लहान मुलांच्या पंगतीत बसावे आणि आपणही येथे रडलो होतो, हे त्यांना सांगावे. नुकताच आईचा पदर सोडलेल्या मुलाला त्या एका वाक्याचा जेवढा आधार होतो, तेवढा दुसऱ्या कशाचाही होत नाही.