सोलापुरी चादर आणि अमूर्त बीजगणित

गणितात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांना सगळ्यात जड जाणारा पेपर विचारला, तर अनेक जण ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्राचं नाव घेतात. तोवर गणित म्हणजे उत्तर काढणं असतं. इथे प्रश्नच ‘सिद्ध करा’ असा येतो. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या मुलांसाठी पदव्युत्तर शिक्षण जवळ आलं. हा विषय मात्र अजून लांबचाच वाटतो.

तो जवळ आणायला सोलापुरात घरोघरी असलेली चादर पुरते. पलंगावर अंथरलेली चादर उचलून पुन्हा त्याच जागी नेमकी बसवायची, तर किती तऱ्हा आहेत? आहे तशीच ठेवणं, अर्धा फेरा फिरवून डोक्याकडची कड पायाकडे नेणं, लांबीकडून पलटणं आणि रुंदीकडून पलटणं. बस, चारच. फिरवून मग लांबीकडून पलटली, तर ती रुंदीकडून पलटल्यासारखीच बसते. कोणत्याही दोन कृती लागोपाठ करा, परिणाम या चारांतलाच. शिवाय प्रत्येक कृती दोनदा केली की चादर मूळपदावर येते. हा झाला क्लाइनचा चार घटकांचा ग्रुप. चादर चौरस असती, तर आठ कृती झाल्या असत्या आणि त्यांचा क्रम बदलला की कधी कधी परिणामही बदलला असता.

उदाहरण असं हाताशी असलं की प्रमेयाची ताकद कळते. नॉर्वेच्या सिलोने १८७२ मध्ये मांडलेली प्रमेयं घ्या. ग्रुपमध्ये १५ घटक आहेत, एवढंच माहीत आहे. त्यातल्या पाच घटकांच्या उपग्रुपांची संख्या ३ ला भागणारी हवी आणि तिला ५ ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी. म्हणजे ती १ च. तीन घटकांच्या उपग्रुपांचंही तसंच. त्यावरून १५ घटकांचा ग्रुप चक्रीयच असतो, हे सिद्ध होतं. एकही कोष्टक न मांडता!

या विचाराची मुळं गाल्वाच्या कामात आहेत. तो १८३२ मध्ये विशीतच गेला. त्याचं लेखन १८४६ मध्ये लिऊव्हिलने छापलं. पुढे १९२१ मध्ये एमी नोएथरने रिंगांच्या सिद्धांताला आजचं वळण दिलं.

मराठी माणसाचंही यात मोठं नाव आहे : श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३० चा, उज्जैनचा. मुंबईत बी.एस्सी., हार्वर्डला झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात अनेक दशकं अध्यापन. अमूर्त भाषेचा बोलबाला असताना ते बहुपदी प्रत्यक्ष मांडून, शाळेतल्या बीजगणिताच्या रीतीने आकडेमोड करण्याचा आग्रह धरत. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं.

त्यांचा हा आग्रह आपल्या वर्गांत यायला हवा. सिद्धता पाठ करून पेपर सुटतो, पण सीएसआयआर-नेटच्या गणितातल्या ‘पार्ट सी’मध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे ओळखल्याशिवाय गुण मिळत नाहीत. तिथे पाठांतर अपुरं पडतं. प्रत्येक व्याख्येला बसणारं एक आणि न बसणारं एक उदाहरण वहीत स्वतः लिहावं, प्रमेयातली एखादी अट काढून ते कुठे मोडतं ते पाहावं आणि ते मित्राला मराठीत समजावून सांगावं. हे ज्याला जमतं, त्याला सिद्धता स्वतः रचता येते. या पेपरातून मिळवायचं ते हेच, आणि त्याला शहर लहान की मोठं याची अट नाही.