गंजिफाचीं पानें आणि त्यांचें मोल

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा नातू पुण्याहून पाटणास आला, तो बरोबर पत्त्यांची एक जाड वही घेऊन आला. वहीच्या प्रत्येक पृष्ठावर पारदर्शक कप्पे होते व एकेका कप्प्यांत एकेक रंगीत पत्ता जपून ठेवलेला होता. हे पत्ते खेळावयाचे आहेत असें तो म्हणाला. परंतु आठ दिवसांत त्यानें ते एकदांहि वहीबाहेर काढले नाहींत. त्यांतील एक चकाकणारा पत्ता दाखवून तो म्हणाला, “आजोबा, हा फार दुर्मिळ आहे.” “कोणीं ठरविलें?” असें मीं विचारलें. “कंपनीनें,” असें उत्तर मिळालें. त्या उत्तरानें मला आमच्या घरांतील एका जुन्या पेटीची आठवण झाली. त्या पेटींतील पानांचे प्रकार कोणते, त्यांत मोलाचें पान कोणतें आणि तें मोल कशानें ठरतें, हें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम नातवाच्या पत्त्यांविषयीं दोन शब्द सांगतों. अशा संग्राह्य पत्त्यांचा खेळ १९९३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड यांनीं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या नांवानें रूढ केला, पुढें १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचे पत्ते निघाले. हे पत्ते बंद पुडक्यांतून विकले जातात व आंत काय निघेल हें घेणारास ठाऊक नसतें. मॅजिकच्या पंधरा पत्त्यांच्या जुन्या पुडक्यांत अकरा पत्ते सामान्य, तीन विरळ व एक दुर्मिळ अशी वांटणी असे. २००८ पासून त्यांत अतिदुर्मिळ असा आणखी एक वर्ग आला. पोकेमॉनच्या पत्त्यावर कोपऱ्यांत वर्तुळ असल्यास तो सामान्य, चौकट असल्यास विरळ आणि तारा असल्यास दुर्मिळ समजावा. कोणता पत्ता थोडा छापावयाचा हें छापखान्यांतच ठरतें, आणि मुलांचे खाऊचे पैसे त्या ताऱ्याच्या शोधांत खर्ची पडतात.

आतां आपल्याकडील गंजिफाकडे वळूं. हा खेळ मूळचा इराणी मुलखाकडून आला. बाबरानें १५२७ सालीं सिंधमध्यें शाह हसन याजकडे गंजिफाचीं पानें पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आणि अबुल फझलानें ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पानांच्या गंजिफाचें वर्णन केलें आहे. गंजिफाचें पान वाटोळें असतें. प्रत्येक रंगांत बारा पानें असतात. तीं म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचीं दहा. हा बाराचा हिशेब ध्यानांत ठेविला म्हणजे सारे प्रकार सहज उमगतात. मोगली गंजिफांत ताज, सफेद, समशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश असे आठ रंग, म्हणून पानें ९६. नवग्रहांच्या गंजिफांत १०८. राशींच्या गंजिफांत १४४. आणि आपल्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांचीं १२०.

दशावतारी गंजिफाचा प्रत्येक रंग एका अवताराचा. राजाच्या पानावर त्या अवताराचें चित्र असतें व अंकांच्या पानांवर त्याचें चिन्ह तितक्या वेळां काढलेलें असतें. मत्स्याचा मासा, कूर्माचें कासव, वराहाचा शंख, नृसिंहाचें चक्र, वामनाचा कमंडलु, परशुरामाचा परशु, रामाचा बाण, कृष्णाची गाय, बुद्धाचें कमळ आणि कल्कीची तलवार, अशीं चिन्हें सामान्यतः आढळतात. मात्र चिताऱ्यागणिक त्यांत थोडा फरक पडतो. प्रत्येक रंगाची भूमि निरनिराळ्या वर्णाची असल्यामुळें अक्षरशून्य मनुष्यासहि पान ओळखतां येतें.

पानांची योग्यता लावण्याचा नियम मोठा मौजेचा आहे. सर्व रंगांत राजा श्रेष्ठ व त्याखालीं प्रधान. त्यापुढें मात्र निम्म्या रंगांत दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. एका रंगांत जें पान निरुपयोगी, तेंच दुसऱ्या रंगांत प्रधानाच्या खालोखाल बसतें. दिवसां डाव मांडल्यास ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें आरंभ करावा; रात्रीं तो मान कृष्णाच्या राजाचा. राम सूर्यवंशी व कृष्ण चंद्रवंशी, अशी त्याची संगति लावतां येते. मोगली गंजिफांतहि दिवसां सुर्ख म्हणजे सोन्याचें नाणें आणि रात्रीं सफेद म्हणजे रुप्याचें नाणें वडील मानीत. तिघेजण खेळावयास बसतात, प्रत्येकास चाळीस पानें येतात, आणि कोणतीं पानें पडून गेलीं हें ज्यास स्मरतें तो जिंकतो. मोठें पान पडून गेलें कीं त्याच्या खालचें पान आपोआप थोर होतें. सकाळीं कोणी न विचारलेली तिर्री दुपारीं डाव जिंकून देते.

मग गंजिफांत दुर्मिळ म्हणून कांहीं नव्हतेंच काय? होतें, पण तो भेद एकेका पानाचा नसून सबंध जोडाचा होता. राजेरजवाड्यांसाठीं हस्तिदंताचीं किंवा कासवाच्या पाठीचीं, सोन्याच्या रंगानें सजविलेलीं पानें करीत. त्यांस दरबारी कलम म्हणत. सामान्यांसाठीं कागदाचे अथवा कापडाचे थर खळीनें चिकटवून, घोटून, वर रंग व लाख देऊन पानें करीत. तें बाजारी कलम. दरबारी असो वा बाजारी असो, पानें १२० च असत व नियम तेच असत.

आमच्या घरची पेटी बाजारी कलमाची. माझे पणजोबा नोकरीनिमित्त सावंतवाडीस होते, त्यांनीं ती तेथील चिताऱ्याकडून घेतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां मी सात वर्षांचा होतों. आमच्या घराची एक भिंत कोसळली. चार दिवसांनीं माती उपसतांना पेटी सांपडली. परंतु पानें मोजलीं तों ११९ भरलीं. वामनाची सत्ती गेली होती. आजोबांनीं वहीच्या पुठ्ठ्याचें एक वाटोळें कापलें, बोरूनें त्यावर सात कमंडलु काढले आणि पाठीस तांबडा रंग दिला. तो रंग वर्षभरांत काळवंडला. तेव्हांपासून वामनाची सत्ती कोणाच्या हातीं आहे हें पाठीवरूनच सर्वांस कळूं लागलें. आजोबांनीं नियम केला कीं, त्या पाठीकडे कोणीं पाहावयाचें नाहीं. मुलें असूनहि आम्हीं तो नियम पाळला. शाळेंत पस्तीस वर्षें मीं नीतिपाठ शिकविले, पण त्या काळ्या पाठीनें जें मला शिकविलें तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत मला आढळलें नाहीं.

वीस वर्षांपूर्वीं एक संग्राहक गृहस्थ आमच्याकडे आले. जोड अपुरा आहे, सबब सबंध घेण्यांत अर्थ नाहीं, दहा राजांचीं पानें तेवढीं सुटीं द्या, असें ते म्हणाले. त्यांनीं सांगितलेली रक्कम माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती व मुलीचें शिक्षण चालू होतें. मोह झाला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण त्यांनीं आजोबांची सत्ती उचलून बाजूस टाकली आणि “हें फेंकून द्या” म्हटलें, तेव्हां माझें मन ठरलें. राजे गेल्यावर उरलेल्या ११० पानांनीं कोणता खेळ खेळावयाचा?

सावंतवाडीस ही कला जवळजवळ विझली होती. तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० च्या सुमारास वृद्ध चितारी पुंडलिक यांजकडून ती समजून घेऊन राजवाड्यांत पुन्हां उभी केली. मुंबईचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं जुने जोड जमवून त्यांचा अभ्यास केला, व १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील पानांवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यामुळें पानें वांचलीं. खेळणारे मात्र वांचले नाहींत. आज जोड विकत मिळतो, भिंतीवर लावला जातो. पण तो मांडून बसणारे तिघे एका गांवांत मिळणें कठीण झालें आहे. माझे थोरले बंधु वारल्यावर आमच्याहि घरीं बारा वर्षें पेटी उघडली गेली नव्हती.

दिवाळीच्या पाडव्यास मीं ती उघडली. नातू, सूनबाई व मी असे तिघे बसलों. दिवस होता, म्हणून रामाच्या राजानें आरंभ झाला. तिसऱ्या डावांत नातवाच्या हातीं ती काळ्या पाठीची सत्ती आली. तिची हकीकत ऐकून तो म्हणाला, “आजोबा, मग सगळ्यांत दुर्मिळ पान हेंच! असें जगांत दुसरें नाहीं.” गणिताच्या दृष्टीनें तें खरें होतें. मीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, तें पान दुर्मिळ व्हावें म्हणून केलेलें नाहीं. उरलेल्या ११९ पानांचा खेळ चालावा म्हणून केलें आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्यानें पान टाकलें. डाव सूनबाईनीं जिंकला.

श्रोतेहो, आपल्या माळ्यावर अशी पेटी असल्यास ती खालीं काढा व पानें मोजा. एखादें उणें असल्यास पुठ्ठ्याचें करून घाला. घरांत कोणी वडील मंडळी नियम जाणणारीं असतील, तर त्यांजपाशीं बसून ते आजच लिहून घ्या. कारण उणें पान नवें करतां येतें, परंतु विसरलेला डाव पुन्हां सांगावयास कोणी उरत नाहीं.